राज्याने पैसे दिले, रेक सेंटर होणार. पण चालवायचं कोणी?

पाऊलवाट (धागाकर्ती)

परवा आमच्या सिटी कौन्सिलच्या मीटिंगला गेले होते. अकरा वर्षं अमेरिकेतल्या या गावात राहतेय, पण कौन्सिल चेंबरमध्ये पाऊल टाकायची ही पहिलीच वेळ. राज्याच्या यंदाच्या बजेटमध्ये आमच्या नव्या कम्युनिटी रिक्रिएशन सेंटरसाठी रक्कम मंजूर झाली आहे आणि ती स्वीकारण्याचा ठराव कौन्सिलपुढे होता. हॉल भरला होता. पोहणारी मुलं टीमची जाकिटं घालून पहिल्या दोन रांगांत बसली होती, मागे वॉकर घेतलेल्या आजीआजोबांचा गट. भिंतीवर सेंटरचं चित्र: खाली पोहायचा पूल, दोन बास्केटबॉल कोर्ट, वर चालायचा ट्रॅक, काचेतून ऊन आत येतंय.

मला हे सेंटर मनापासून हवं आहे. आईबाबा दर हिवाळ्यात येतात आणि बर्फ पडला की चार महिने घरात कोंडल्यासारखे होतात. बाबा हॉलपासून किचनपर्यंत फेऱ्या मारतात, आई त्या मोजते.

पण स्टाफ रिपोर्ट वाचला तेव्हा थबकले. चाळीस पानं. त्यात दगड कुठला, काच कुठली, पार्किंगला जागा किती, सगळं सविस्तर. आणि 'फिस्कल इम्पॅक्ट' (तिजोरीवरचा परिणाम) या मथळ्याखाली चार ओळी, ज्यातली शेवटची अशी: चालू खर्चाचा अंदाज पुढच्या टप्प्यात सादर केला जाईल. एका कौन्सिलवुमनने नेमकं तेच विचारलं, "पाचव्या वर्षी या इमारतीचं वीजबिल कुठल्या खात्यातून भरायचं?" पार्क्स विभागाच्या प्रमुखांकडे उत्तर नव्हतं. मतदान दोन आठवडे पुढे ढकललं गेलं आणि पुढच्या रांगेतली मुलं हिरमुसली.

आता दोन आठवड्यांनी मला तीन मिनिटं बोलायचंय. सेंटर व्हावं म्हणूनच बोलायचंय, पण नेमकं काय विचारावं? इथे कोणी हे जवळून पाहिलं असेल तर सांगा.

---

खिडकी

आमच्या शहरातही हेच चाललंय, म्हणून बसते इथे. एक शंका: राज्य पैसे देतंय म्हणजे ते फुकटच ना? त्यावर एवढा खल कशासाठी?

---

ताळेबंद

खिडकी, फुकट नसतात. मी एका शहराच्या फायनान्स विभागात बरीच वर्षं बजेटचं काम केलं आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

राज्याचा पैसा बहुतेक वेळा भांडवली असतो. म्हणजे इमारत, जमीन, यंत्रं. तो कर्जरोखे काढून उभा केलेला असेल तर त्यातून लाइफगार्डचा पगार किंवा गॅसचं बिल देता येत नाही. कॅलिफोर्नियात जून २०१८ मध्ये मतदारांनी प्रॉपोझिशन ६८ (थेट मतदानाला ठेवलेला प्रस्ताव) मंजूर केलं, ४.१ अब्ज डॉलरचे रोखे. त्यातून कितीतरी वस्त्यांना नवी उद्यानं आणि केंद्रं मिळाली, चांगलंच झालं. पण ती दररोज सकाळी उघडायची जबाबदारी त्या त्या शहराचीच. मॅसॅच्युसेट्समध्ये २००० सालापासून कम्युनिटी प्रिझर्व्हेशन ॲक्ट आहे. गावाने मतदानाने ठरवलं तर प्रॉपर्टी टॅक्सवर ३ टक्क्यांपर्यंत अधिभार लावता येतो आणि राज्याच्या ट्रस्ट फंडातून त्यात भर पडते. तिथेही कायद्यात स्पष्ट आहे, हा पैसा नेहमीच्या देखभालीला वापरायचा नाही.

दुसरं म्हणजे तुमचा हिस्सा. मिनेसोटात स्थानिक प्रकल्पाच्या एकूण खर्चात राज्याचा वाटा साधारणपणे निम्म्याहून जास्त नसतो. शिवाय तिथलं बॉन्डिंग बिल, म्हणजे रोखे काढायचं विधेयक, दोन्ही सभागृहांत ६० टक्के मतांनी पास व्हावं लागतं, त्यामुळे एखाद्या गावाचं सेंटर वर्षानुवर्षं यादीत लटकत राहतं आणि तोवर बांधकामाचा खर्च वाढलेला असतो. राज्याची रक्कम मात्र अर्जात लिहिली होती तेवढीच. मधली वाढ कोणाच्या खिशातून? शहराच्या.

तिसरं, हातात पैसे कधी येतात. बरेचसे अनुदान परतफेडीच्या तत्त्वावर असतं. आधी शहराने कंत्राटदाराचं बिल चुकवायचं, मग पावत्या जोडून राज्याकडे मागायचं. कागद अपुरे पडले तर महिने जातात. लहान शहराच्या गंगाजळीला हा भार सोसवतो का, हे फायनान्स डायरेक्टरला थेट विचारा. त्याला हा प्रश्न आवडेल, कारण त्याला रात्री हाच छळत असतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: चालू खर्च जनरल फंडातून, म्हणजे शहराच्या रोजच्या खर्चाच्या मुख्य खात्यातून जातो. त्याच फंडातून पोलीस, फायर, लायब्ररी. कॅलिफोर्नियात १९७८ च्या प्रॉपोझिशन १३ ने प्रॉपर्टी टॅक्स मूल्यांकनाच्या १ टक्क्यावर बांधला आणि मालक बदलेपर्यंत मूल्यांकनाची वाढ वर्षाला २ टक्क्यांवर रोखली. पगार आणि वीज त्याहून वेगाने वाढले की दरवर्षी थोडी थोडी फट पडत जाते. अशी फट पडली की पहिली कात्री पार्क्स अँड रेकवर चालते. आधी रविवार बंद, मग संध्याकाळचे वर्ग बंद. मी स्वतः अशा तक्त्यांमधल्या ओळी खोडल्या आहेत. एक ओळ खोडायला काही सेकंद लागतात. ती ओळ म्हणजे अपंग मुलांचा शनिवारचा पोहण्याचा वर्ग होता.

तेव्हा पाऊलवाट, तीन मिनिटांत एकच गोष्ट मागा: बांधकामाचं कंत्राट देण्याआधी निदान दहा वर्षांचा चालू खर्चाचा आराखडा. त्यात फीमधून किती टक्के वसूल होणार आणि उरलेले कुठून येणार, हे लिहिलेलं हवं. फीमधून सगळा खर्च निघेल असं कोणी म्हणालं तर आकडे मागा. विशेषतः पूल असेल तर.

---

निळाशार

पुलाबद्दल मी लिहितो. दोन्ही मुली स्पर्धेसाठी पोहतात, त्यामुळे आमची पहाट पुलाच्या कडेला जाते.

आमच्या गावातल्या बंदिस्त पुलाचं छत सातव्या वर्षी धोकादायक ठरलं आणि पूल चौदा महिने बंद राहिला. बंद व्हायच्या थोडं आधी तिथल्या ऑपरेटरने मला वर नेऊन दाखवलं होतं. हवेच्या डक्टला धरून ठेवणाऱ्या सळ्यांवर पांढरी पापुद्र्यासारखी खपली आली होती. त्याने स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ती उचकटली, आत लोखंड भुसभुशीत झालेलं. खाली त्याच वेळी आठ वर्षांखालची मुलं किकबोर्ड घेऊन पोहत होती. तो आवाज आणि ती सळई एकत्र डोळ्यांसमोर येतात अजून.

कारण असं. पुलावर आपल्याला जो 'क्लोरीनचा वास' येतो तो खरं तर क्लोरामाइन्सचा. घाम, लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाला की ती तयार होतात, पाण्याच्या पृष्ठभागाजवळ साचतात, डोळे आणि छाती जळजळते, धातू गंजतो. म्हणून पुलाच्या हॉलची हवा पाण्यापेक्षा दोन ते चार अंश फॅरनहाइट गरम ठेवतात, आर्द्रता ५० ते ६० टक्क्यांत राखतात, आणि ही यंत्रणा दिवसरात्र चालवावी लागते. पूल रात्री बंद असला तरी. वीज वाचवायला म्हणून हवेचा पुरवठा कमी केला की बिल थोडं उतरतं आणि छत मरतं. आमच्याकडे तेच झालं. कोणाचा हेतू वाईट नव्हता, वर्षाच्या मध्येच बजेट आवळलं गेलं होतं.

म्हणून ताळेबंद यांना अनुमोदन, आणि एक भर: डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र), बॉयलर, फिल्टर यांच्या बदलीसाठी वेगळा राखीव निधी पहिल्या वर्षापासून बाजूला टाकला जाणार का, हे विचारा. यंत्रं इमारतीच्या खूप आधी म्हातारी होतात.

अजून एक, तुमच्या आईबाबांसाठी. अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट हा अपंगांच्या हक्कांचा कायदा १९९० चा आहे आणि त्याच्या २०१० च्या मानकांत पुलाचे नियम आले. पुलाच्या भिंतींची एकूण लांबी ३०० फूट किंवा त्याहून जास्त असेल तर पाण्यात उतरायच्या निदान दोन सुलभ सोयी लागतात, आणि त्यातली एक तरी लिफ्ट किंवा उतरता रॅम्प. लिफ्ट लावली की नियम पाळला जातो, पण ज्येष्ठ लोक ती वापरायला संकोचतात, सगळ्यांसमोर खुर्चीत बसून खाली सोडलं जाणं नको वाटतं. उतरत्या रॅम्पने ते आपल्या पायांनी पाण्यात जातात. नकाशा कागदावर असतानाच रॅम्प मागा, नंतर काँक्रीट फोडून कोणी करत नाही.

---

माळरान

माझं मत वेगळं आहे आणि ते इथे बहुतेकांना पटणार नाही. आमच्या शहरात चार जुनी पार्क आहेत. दोन ठिकाणचे झोके मोडलेले, एका टेनिस कोर्टाच्या भेगांतून गवत आलंय. हे सांभाळायला पैसे नाहीत आणि नवीन सेंटरची फीत कापायला मात्र सगळे तयार. राज्याचे पैसे आले म्हणजे ते खर्च केलेच पाहिजेत का? आणि व्यायाम, पोहणं ही ज्याची त्याची हौस, त्यासाठी सगळ्यांच्या करातून का द्यायचं? ज्यांना हवं त्यांनी क्लबचं सभासदत्व घ्यावं.

---

जुनीवही

माळरान, तुमच्या पहिल्या मुद्द्याशी सहमत, दुसऱ्याशी अजिबात नाही.

हौस म्हणता, तर थोडा इतिहास. १९०५ मध्ये शिकागोच्या साउथ साइडला एकाच वर्षात बऱ्याच लहान पार्कांमध्ये 'फील्डहाउस' उघडली. इमारती डॅनियल बर्नहॅमच्या कंपनीच्या, बागा ओल्मस्टेड ब्रदर्सच्या. त्यातलं डेव्हिस स्क्वेअर तर कत्तलखान्यांच्या शेजारच्या वस्तीत. परदेशातून आलेले कामगार, दाटीची घरं, अंघोळीची सोय नाही. त्या लोकांना फील्डहाउसमध्ये काय मिळालं? शॉवर, जिम, सभागृह, वाचनालय. सगळं सार्वजनिक पैशातून. त्यांना क्लबचं सभासदत्व कोण देणार होतं?

आपणही या देशात बाहेरूनच आलो. माझ्या मुलीला पहिली मैत्रीण रेक सेंटरच्या कुंभारकामाच्या वर्गात मिळाली, कारण शाळेत ती दोन महिने कोणाशी बोलतच नव्हती. त्या वर्गाची फी आम्हाला परवडावी म्हणून शहराने सवलत दिली होती. तेव्हा माझी नोकरी गेलेली होती. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म उलटा करून, मागच्या रांगेला दिसणार नाही असा, माझ्यापुढे सरकवला. हौस हा शब्द मला तिथे लावता येत नाही.

---

माळरान

जुनीवही, तुमचा अनुभव वाचून शब्द मागे घेतो. 'हौस' म्हणायला नको होतं. पण जुन्या पार्कांचा मुद्दा मागे घेत नाही.

आणि पाऊलवाट, एक महत्त्वाचं. तुमचं सेंटर बांधणार कुठे? नवीन जमिनीवर की असलेल्या पार्कात? आमच्याकडे पार्कातच बांधायचं ठरत होतं. बेसबॉलच्या जाळीमागे एका खांबावर तळहाताएवढी पत्र्याची पाटी आहे, रंग उडालेली. शेजारच्या एका निवृत्त बाईंनी ती पुसून वाचली: लँड अँड वॉटर कॉन्झर्व्हेशन फंड. तिथून सगळं चित्र बदललं.

---

ताळेबंद

माळरान यांनी फार मोलाचा मुद्दा काढला. मी लिहायला हवा होता.

लँड अँड वॉटर कॉन्झर्व्हेशन फंड हा १९६४ च्या कायद्याने आलेला केंद्रीय निधी, मुख्यतः समुद्रातल्या तेल आणि वायूच्या उत्पन्नावर चालणारा. २०२० च्या कायद्याने त्याला दरवर्षी ९० कोटी डॉलर कायमचे मिळाले. शहरांना तो राज्यामार्फत मिळतो, साधारण निम्मा हिस्सा आपण घालायचा. देशभरातल्या हजारो पार्कांना तो मिळालेला आहे आणि गावकऱ्यांना सहसा पत्ताही नसतो.

त्याची अट अशी की ज्या जमिनीला हा पैसा लागला ती कायमस्वरूपी सार्वजनिक, उघड्यावरच्या मनोरंजनासाठीच राहिली पाहिजे. वेगळा वापर करायचा तर नॅशनल पार्क सर्व्हिसची परवानगी आणि बदल्यात तितक्याच बाजारमूल्याची, तितक्याच उपयोगाची दुसरी जमीन. जिम आणि कोर्ट असलेली मोठी बंदिस्त इमारत अशा पार्कात बांधायला घेतली की हा प्रश्न उभा राहतो. तेव्हा ठरावाआधी विचारा: या जागेवर कुठल्या जुन्या अनुदानाची अट आहे का? एका वाक्याचा प्रश्न आहे, पण बांधकाम सुरू झाल्यावर उत्तर सापडलं तर सगळंच अडतं.

अजून एक आठवलं. सेंटर चालवायला बाहेरच्या संस्थेला द्यायचा विचार असेल, वायएमसीएसारख्या ना-नफा, तर तो वाईटच असतो असं नाही. पण शहराने आपला हिस्सा करमुक्त रोख्यांतून उभा केला असेल तर केंद्राचे कर नियम आड येतात. खासगी वापर १० टक्क्यांच्या पुढे गेला आणि त्या कर्जाची फेडही तशाच खासगी पैशावर टेकली तर रोख्यांची करमुक्ती धोक्यात येते, आणि ना-नफा संस्थेचा वापरही त्या हिशेबात खासगीच धरतात. करार नीट बांधला तर मार्ग असतो. बॉन्ड काउन्सेलला, म्हणजे रोख्यांचं काम पाहणाऱ्या वकिलाला, आधी विचारलंय का, एवढं पाहायचं.

---

खिडकी

हे सगळं वाचून आमच्या शहराचा अजेंडा शोधायला घेतला, पण कुठे काय असतं तेच कळत नाही. कन्सेंट कॅलेंडर म्हणजे काय?

---

ताळेबंद

ज्यावर वाद नाही असं मानलं जातं ते विषय एकत्र बांधून एकाच मताने पास करतात, ते कन्सेंट कॅलेंडर. मागच्या मीटिंगचं इतिवृत्त, किरकोळ खरेद्या वगैरे. अनुदान स्वीकारायचे ठराव कित्येकदा तिथेच असतात. कोणी लपवलेले नसतात, 'पैसे येतायत, वाद कसला' अशा समजुतीने टाकलेले असतात. पाऊलवाटच्या गावात तो उघड चर्चेला आला हे त्यांचं भाग्य. एखादा विषय बाहेर काढून वेगळी चर्चा करा अशी विनंती कौन्सिल सदस्याला करता येते, बऱ्याच शहरांत नागरिकालाही.

कॅलिफोर्नियात असाल तर ब्राउन ॲक्ट, खुल्या सार्वजनिक मीटिंगांचा १९५३ चा कायदा. नियमित मीटिंगचा अजेंडा ७२ तास आधी लावलाच पाहिजे आणि त्यातल्या विषयांवर लोकांना बोलू दिलंच पाहिजे. इतर राज्यांतही असे कायदे आहेत, मुदत वेगळी. सिटी क्लार्कच्या ऑफिसात फोन करा. माझ्या अनुभवात शहराच्या इमारतीतली सगळ्यात मदत करणारी माणसं तिथेच बसतात.

---

सांजवेळ

पाऊलवाट ताई, आईबाबांचा उल्लेख वाचला म्हणून लिहिते. आमच्या गावात सेंटर सुंदर झालं. पण रहिवासी दराचा पास काढायला गेलो तर पत्त्याचा पुरावा मागितला: स्वतःच्या नावाचं वीजबिल किंवा राज्याचं ओळखपत्र. सासूबाई व्हिजिटर म्हणून आलेल्या, त्यांच्या नावावर इथे काय असणार? बाहेरच्यांचा दर द्या म्हणाले, तो रोजच्या रोज परवडत नव्हता. त्या दारातल्या बाकावर बसायच्या आणि मी आत मुलाला पोहायला सोडायचे. ट्रॅक वरच्या काचेतून दिसायचा.

मी पार्क्स कमिशनला पत्र लिहिलं. उत्तर यायला वेळ लागला, पण आता घरातल्या रहिवाशाने सही केली की पाहुण्या आईवडिलांना सहा महिन्यांचा पास मिळतो. फक्त आपल्यालाच नाही, पोलंडहून, मेक्सिकोहून आलेल्या आजीआजोबांनाही. सकाळी दहाला ट्रॅकवर जाऊन बघा, कोणाची भाषा कोणाला येत नाही आणि सगळे एकमेकांचे राउंड मोजतात.

इमारतीच्या आधी हे दाराचे नियम ठरवून घ्या.

---

पाऊलवाट

सगळ्यांचे खूप खूप आभार. काल रात्री मीटिंग झाली, घरी येऊन लगेच लिहितेय.

माझा नंबर सातवा होता. कागदावर सात प्रश्न लिहिले होते, पण पोडियमवरचा हिरवा दिवा लागल्यावर कळलं की तीन मिनिटं म्हणजे फार थोडी. चार विचारले. जमिनीवर जुनी अट आहे का, दहा वर्षांचा चालू खर्च, यंत्रांच्या बदलीचा राखीव निधी, आणि पाहुण्या आईवडिलांचे पास. शेवटच्या प्रश्नाला पिवळा दिवा लागला होता, आवाज कापत होता. बाबा मागच्या रांगेत बसले होते. त्यांना इंग्रजी बोलणं भराभर कळत नाही, पण मी खाली उतरल्यावर त्यांनी पाठीवर हात ठेवला.

जमिनीच्या प्रश्नावर सिटी अटर्नींनी सांगितलं की जागा जुन्या शाळेची आहे, पार्काची नाही, पण कागद पुन्हा तपासून लेखी देतील. कौन्सिलने राज्याची रक्कम स्वीकारली, पाच विरुद्ध दोन. ठरावात त्या कौन्सिलवुमनने एक दुरुस्ती घातली: बांधकामाच्या निविदा उघडण्याआधी दहा वर्षांचा चालू खर्च आणि यंत्रांच्या राखीव निधीचा आराखडा कौन्सिलपुढे आलाच पाहिजे. विरोधी मत देणाऱ्या दोघांचं म्हणणं मला चुकीचं वाटलं नाही. ते आराखडा आधी मागत होते, पैसे नंतर. राज्याची मुदत संपत होती म्हणून बाकीचे थांबायला तयार नव्हते.

निळाशार, रॅम्पचं तेव्हा राहिलं. ते मी मीटिंगनंतर आर्किटेक्टना गाठून विचारलं. सध्याच्या नकाशात लिफ्ट आहे. रॅम्प घातला तर पोहायच्या लेन सहाऐवजी पाच होतील म्हणाले. टीमच्या पालकांना हे पटेल का? तुम्ही दोन्ही बाजू जाणता, म्हणून विचारते.

---

निळाशार

सहजासहजी पटणार नाही. स्पर्धा भरवायला सहा लेन लागतात, पाच असतील तर बाहेरची टीम येणारच नाही, आणि ते भाडं हेच पुलाचं खात्रीचं उत्पन्न. शक्य असेल तर रॅम्पचा वेगळा लहान, उथळ, कोमट पाण्याचा पूल मागा. ज्येष्ठांना आणि शिकणाऱ्या लहान मुलांना स्पर्धेच्या थंड पाण्यात तसंही गारठतं. मात्र दुसरं पाणी म्हणजे दुसरा फिल्टर, दुसरं हीटर, आणखी लाइफगार्ड. ते आकडे दहा वर्षांच्या आराखड्यात यायला हवेत. टीमच्या पालकांशी बोलताना मला झूमवर घ्या, मी येतो.

---

खिडकी

आमचा अजेंडा सापडला. रेक सेंटरचं अनुदान कन्सेंट कॅलेंडरवर नववं आहे, मीटिंग येत्या मंगळवारी. आज सकाळी आमच्या वॉर्डाच्या कौन्सिल सदस्याला ईमेल केली की हा विषय बाहेर काढा. क्लार्कच्या ऑफिसात फोनही केला. बाईंनी स्पीकर कार्ड कुठे भरायचं ते सांगितलं आणि पार्किंग मागच्या बाजूला फुकट आहे म्हणाल्या. पाऊलवाट, तुमचे चार प्रश्न जसेच्या तसे वापरले तर चालतील ना?

---

पाऊलवाट

अगदी हक्काने. पाचवा रॅम्पचा घाला.